भिंतीबाहेरची सोय

“पानी सोडा गं कुनी!”

कोंडीने भिंतीकडे तोंड करून हाक मारली आणि हंडा नळीखाली सरकवला. भिंतीपलीकडे माळवंडे गावाचं देऊळ, देवळाच्या आवारात गावाची पाण्याची टाकी आणि त्या टाकीतून भिंतीला भोक पाडून बाहेर काढलेली ही काळी प्लास्टिकची नळी. नळी बाहेर, तिचा कॉक आत. बाहेरच्या बाईने हाक मारायची. आतल्या एखाद्या बाईला ती ऐकू आली, तिला सवड असली आणि मर्जी असली, तर तिने कॉक फिरवायचा. वर डोंगरावरच्या भेकरवाडीच्या आदिवासी बायकांनी आवारात पाऊल टाकायचं नाही आणि टाकीला हात लावायचा नाही. कर्जत तालुक्यातल्या या गावात याला कुणी शिवाशिव म्हणत नाही. ती कायद्याने बंद झाली, हे शाळेतलं पोरही सांगेल. गावात याला ‘सोय’ म्हणतात. वाडीला पाणी नव्हतं, आम्ही सोय करून दिली, असं सांगताना माणसांचे चेहरे इतके समाधानी असतात की ऐकणाऱ्याला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

“आये, जरा जोरात मार की हाक,” सुनिता म्हणाली. ती कोंडीची सून. कडेवर लेक हिरू आणि डोक्यावर चुंबळ.

“जोरात मारली तं म्हनतात वराडते. हळू मारली तं म्हनतात ऐकाया नाय आली. तूच सांग कशी मारू.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. नळी कोरडीच होती. रिकाम्या हंड्यांची रांग लागली होती आणि उन्हं वर चढत होती.

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. ही टाकी ज्या झऱ्यावर भरते, तो झरा गावात नाही. तो वाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत आहे. गावाने फार वर्षांपूर्वी झरा बांधून घेतला, त्याला कुलूप घातलं आणि तिथून पाइप टाकला. तो वाडीतल्या घरांच्या दारांवरून खाली उतरतो. म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं पाणी वाडीला ओलांडून गावात जातं. मग वाडीच्या बायका त्याच्यामागे डोंगर उतरतात, भिंतीबाहेर उभ्या राहून तेच पाणी मागून घेतात आणि डोक्यावर घेऊन पुन्हा डोंगर चढतात. सुनिताचा नवरा निलेश खालच्या एका फार्महाउसवर माळीकाम करतो. दिवसभर तो मालकाच्या हिरवळीवर पाणी मारतो आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला विचारतो, “आज सोडलं का गं पानी?” त्या हिरवळीला पाण्यासाठी कधी कुणाला हाक मारावी लागलेली नाही.

कॉक शेवटी फिरला. तो फिरवला सरपंच हर्षलाताईंनी. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांच्या कानावर हाक पडली तर त्या हातातलं काम टाकून येत. “घ्या गं, भरून घ्या,” त्या आतून म्हणाल्या. फाटक उघडावं, असं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

आणि अशा या गावात एक परका देश पाणी आणणार होता.

उत्तरेकडचा तो देश लहान आणि श्रीमंत. त्याच्या सरकारचा आपल्या सरकारशी करार झाला होता, त्या देशाने पैसे द्यायचे आणि इथल्या डोंगराळ भागात पाण्याच्या योजना व्हायच्या. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांची निवड सुरू होती. देणाऱ्या देशाची अट एकच होती, पण कडक होती. सगळ्यात तहानलेल्या माणसांना आधी विचारा. त्यांच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय गाव योजनेत येणार नाही. अट चांगलीच होती. ज्यांनी ती घातली त्यांच्या हेतूतही खोट नव्हती. फक्त विचारायचं कुठे बसून आणि ऐकायचं कुणाच्या तोंडून, हे त्या अटीत लिहायचं राहून गेलं होतं.

ते ठरवायचं काम आलं धनेशसरांकडे. कर्जतला त्यांची संस्था होती, आणि करारात तिला ‘स्थानिक भागीदार’ असं भारदस्त नाव मिळालं होतं. नाजनीन त्यांच्याकडे काम करायची. तिच्या अब्बांचं, अब्दुलभाईंचं, बाजारात कापडाचं दुकान. पोरीचं इंग्रजी चांगलं. रसायनीच्या एका कंपनीतली बरी नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. पण कामावर तिचा जीव होता. भेकरवाडीत जाऊन, तिथल्या बायकांबरोबर बसून, त्यांना काय हवं ते तिने विचारून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झऱ्याखाली, वाडीच्या वरच्या अंगाला एक लहान टाकी बांधा. आधी वाडी भरेल, उरलेलं पाणी आपोआप खाली गावाला जाईल. टाकीचा कॉक वाडीच्या हातात राहील. पाणी दोघांना पुरेसं होतं. पाहुण्यांसमोर हे सुनिताने बोलायचं, असं ठरलं. ती आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. नाजनीनने तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं होतं.

घोडं अडलं ते जागेवर.

“सर, सभा शाळेच्या पडवीत घेऊ या,” नाजनीन म्हणाली.

“गाव ऐकत नाही गं. पाहुणा आला की आधी देवळात नारळ घेतो, सभामंडपातच बसतो, ही त्यांची रीत आहे. मी बोलून पाहिलं.”

“मग वाडीच्या बायका मंडपात येणार?”

धनेशसरांनी चष्मा काढून पुसला. “मी मार्ग काढतो.”

मार्ग काढणं ही आपल्याकडची मोठी विद्या आहे. अन्याय आपल्या जागी तसाच राहतो, माणूस त्याला वळसा घालून पुढे जातो आणि वर त्याला व्यवहारी म्हणून मान मिळतो. धनेशसर दुष्ट नव्हते. तारीख टळली तर गाव योजनेतून जाईल, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. एकदा पाणी तर येऊ दे, हे शिवाशिवीचं नंतर बघू, असं ते स्वतःला बजावत होते. त्यांनी वाडीला निरोप धाडला की पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार आहेत. नाजनीनला यातलं काहीच सांगितलं नाही.

पाहुणे आले ते ठरल्या दिवशीच. मार्टाबाई नावाच्या उंच, पिकल्या केसांच्या अधिकारी, त्यांच्याबरोबर दिल्लीच्या कचेरीतले एक साहेब आणि ड्रायव्हर. ओवाळणं झालं, नारळ झाला. सभामंडपात पंखे फिरत होते. एका बाजूला गावकरी आणि त्यांच्या समोर, सतरंजीवर, गुडघ्यापर्यंत आखूड लुगडी नेसलेल्या, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेल्या बायकांची ओळ.

नाजनीन भाषांतरासाठी मार्टाबाईंच्या शेजारी बसली आणि तिची नजर त्या ओळीवर गेली. एकही चेहरा वाडीतला नव्हता. गावातल्याच बचत गटाच्या बायका होत्या त्या. शाळेच्या गॅदरिंगला पोरींना आदिवासी नाचासाठी नेसवतात ना, तशी त्यांनी एकमेकींना लुगडी नेसवली होती. माळासुद्धा शाळेच्या कपाटातल्याच. दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. आजची भेकरवाडीची एकही बाई असलं लुगडं नेसत नाही, खालच्या बाजारातल्या साड्याच नेसते. पण परक्या बाईला ते कसं कळणार, हा गावचा हिशोब होता. वाडीच्या बाईला आत घ्यायचं नाही म्हणून गावाने आपल्याच लेकीसुनांना वाडीच्या बायका केलं होतं. त्यात विटाळ नव्हता!

नाजनीनने धनेशसरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“वाडीच्या वतीने कोण बोलणार?” मार्टाबाईंनी विचारलं. नाजनीनने कोरड्या आवाजात ते मराठीत सांगितलं.

हर्षलाताईंची जाऊ उठून उभी राहिली. “माझं नाव सुनिता. मी भेकरवाडीची. आमाला काई तरास नाय. गावानं आमची लई चांगली सोय केलीय. नवी टाकी गावातच बांधा, आमी तितूनच पानी नेऊ.”

सगळे नाजनीनकडे पाहत होते. धनेशसर अगदी हळू म्हणाले, “सांग. गावासाठी सांग.” आणि नाजनीनने सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. तोंडातून शब्द बाहेर पडत होते आणि तिचे कान तापत होते. मार्टाबाई समाधानाने मान डोलावत होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

“पानी सोडा गं कुनी! आवो ताई, कवाच्यान उभ्या हाव आमी!”

मंडपात हालचाल झाली. कुणीतरी आवाराकडे धावलं, हाक बंद करायला. पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार, या समजुतीने वाडीच्या बायका रोजच्यासारख्याच आल्या होत्या. त्यांना गप्प बसवायला हवं, हे मात्र आजच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“कोण हाक मारतंय?” मार्टाबाईंनी विचारलं.

“कुणी नाही, शेजारची बाई आहे,” धनेशसर घाईने इंग्रजीत म्हणाले.

नाजनीन उठून उभी राहिली. तिचे शब्द स्पष्ट होते. आधी इंग्रजीत आणि मग गावाला ऐकू जाईल असं मराठीत तिने सांगितलं, “ती सुनिता आहे. भेकरवाडीची खरी सुनिता. या बाई वाडीच्या नाहीत. वाडीच्या बायकांना इथे आत येऊ देत नाहीत. बाई, तुम्हाला त्यांचा होकार हवा आहे ना? त्या भिंतीबाहेर उभ्या राहून पाणी मागतायत.”

मग मार्टाबाई उठल्या, आवारात गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक उघडलं. बाहेर हंड्यांची रांग. कोंडी, सुनिता आणि आणखी काही बायका अंग चोरून उभ्या. बाईंनी हाताने आत यायची खूण केली.

“नको गं,” कोंडीने सुनेचा पदर धरला. “त्या जातील गाडीत बसून. आपल्याला हितं ऱ्हायचं हाय.”

सुनिताने पदर सोडवून घेतला. हिरूला सासूकडे दिलं आणि ती आत आली. आवार ओलांडून मंडपाची पायरी चढली, सतरंजीच्या कडेला बसली. लुगडी नेसलेल्या बायका तिच्यापासून सरकल्या. तिने चार वेळा पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं, तोच गावचे एक म्हातारे गृहस्थ उठले आणि काही न बोलता बाहेर पडले. त्यांच्यामागे दुसरे गेले, मग तिसरे. बघता बघता मंडप रिकामा झाला. हर्षलाताई सगळ्यात शेवटी उठल्या. दारात थबकल्या, मागे वळून सुनिताकडे पाहिलं आणि त्याही गेल्या.

सुनिता बोलली. सगळं बोलली. झरा, वरची टाकी, खाली जाणारं उरलेलं पाणी. ऐकायला होते तीन पाहुणे, धनेशसर आणि भाषांतर करणारी नाजनीन. गाव नव्हतं.

महिन्याभराने निर्णय आला. माळवंडे गाव योजनेतून तूर्त स्थगित. कारण, गावात सहमती नाही. मार्टाबाईंनी वाडीच्या बाजूने आपलं मत दिलं होतं, असं नाजनीनला कळलं. पण दोन सरकारांच्या कारभारात सहमती म्हणजे सगळ्यांची सहमती. ज्याने माणसाला भिंतीबाहेर ठेवलं त्याचीसुद्धा! शिवाशिव पाळणाऱ्याच्या रुसव्याला वाडीच्या तहानेइतकंच वजन, आणि याला म्हणे निःपक्षपात. नाजनीनने मेलवर मेल पाठवले, फोन केले. प्रत्येक वेळी उत्तर गोड यायचं आणि हातात काही पडायचं नाही.

गावाने मात्र आपला निर्णय सभेच्याच संध्याकाळी घेतला होता. भिंतीतली नळी काढून घेतली, भोकात सिमेंट भरलं. कुणी भांडायला आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त सोय बंद झाली.

वाडीच्या बायका ओढ्याच्या डोहावर जाऊ लागल्या. डोहात गुरं बसायची, कडेला शेवाळ साचलेलं. पाणी फडक्याने गाळून, उकळून प्यायचं ठरलं, पण लाकूडफाट्याला गेलेली बाई कितीदा उकळणार? हिरूला जुलाब सुरू झाले. पोर दोन दिवसांत इतकी सुकली की निलेशने तिला उचलून कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पळवलं. सलाइन लागलं. पोर वाचली, घरी आली, पण सुनिताच्या चेहऱ्यावरचं पाणी गेलं.

“बोललीस ना मंडपात?” कोंडी चूल फुंकता फुंकता म्हणायची. “काय मिळालं बोलून? व्हती ती नळी पन गेली.” सुनिताला स्वतःलाच तेच वाटायला लागलं होतं.

अशात एक दिवस धनेशसर वाडीत आले. बरोबर नाजनीन होती, तिला आणलं होतं. कोंडीच्या अंगणात ते खाटेवर बसले. दमलेले दिसत होते.

“गावाशी बोलून आलोय,” ते म्हणाले. “गाव तयार आहे. तुम्ही फक्त म्हणायचं की त्या दिवशी गैरसमज झाला, आता सगळ्यांची सहमती आहे. गाव पुन्हा योजनेत येईल. मोठी टाकी होईल गावात. आणि तुमच्यासाठी भिंतीबाहेर पक्का नळ. सिमेंटचा ओटा, वर पत्रा. उन्हात उभं राहावं लागणार नाही.”

“कॉक कुठं?” सुनिताने विचारलं.

धनेशसर घुटमळले. “तो सध्या आतच राहील. पण हर्षलाताईंनी शब्द दिलाय, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी सोडतील. अगं, सुरुवात तर होऊ दे. पोरीचे हाल बघ.”

सुनिताने हिरूकडे पाहिलं. पोर आजीच्या मांडीवर मलूल पडली होती. सुनिताचे डोळे भरून आले. “द्या सर,” ती म्हणाली. “कसं पन द्या. मी म्हनते गैरसमज झाला. काय म्हनायचं ते म्हनते.”

ज्या बाईला आपण पढवून उभं केलं, तिच्यावर ही वेळ आपल्यामुळे आली, या विचाराने नाजनीनला मान वर करवत नव्हती.

“नाय म्हनायचं,” कोंडी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस सुनेला टोचून बोलणारी कोंडी नातीच्या कपाळावरून हात फिरवत होती.

“आये, तूच म्हनत व्हतीस ना...”

“म्हनत व्हते. भ्याले व्हते म्हनून म्हनत व्हते. माझी सासू त्या भिंतीपाशी हाक मारीत व्हती. निलेश पोटात व्हता तवा मी मारीत व्हते. मंग तू आलीस, तू मारलीस. आता ही नळी सिमेटाची करनार, वर पत्रा घालनार. म्हंजे ही पक्की झाली. हिरू मोठी झाली का तिनं पन मारायची, तिच्या पोरींनी पन मारायची. कच्ची व्हती तवर कवातरी मोडली असती गं. परदेशच्या पैशानं बांधल्यावं ती कोन मोडंल?”

“मावशी, मग प्यायचं काय?” धनेशसर वैतागून म्हणाले. “डोहाचं? पोर पुन्हा आजारी पडली तर?”

“ती भीती हाय. लई हाय. रातच्याला डोळा नाय लागत माझा.” कोंडीने नातीला छातीशी ओढलं. “पन ते पानी आमी आमच्या हातानं भरतो. उकळू, गाळू, काय करायचं ते करू. निलेश बोलतोय वरच्या झऱ्यापाशी पाइप लावायचा. गाव आडवं आलं तं येऊ दे. गैरसमज मातुर नाय झालेला. झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.”

सुनिता सासूच्या शेजारी जाऊन बसली. तिने डोळे पुसले, पोरीचा पाय हातात घेतला. “नाय सर,” ती म्हणाली. “आये म्हनते तेच माझं.”

धनेशसर उठले. “हे मी वर काय सांगू?” ते कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे.

“मी सांगते,” नाजनीन म्हणाली. तिने फोन काढला, अंगणाच्या कडेला जिथे रेंज येते तिथे गेली आणि मार्टाबाईंना फोन लावला. त्यांनी तो लगेच उचलला आणि वाडीचा नकार ऐकून घेतला. त्यांच्याही आवाजात थकवा होता. स्थगितीचं त्यांना वाईट वाटत होतं. गाव तडजोडीला तयार आहे, असं धनेशसरांनी कळवल्याचं त्या म्हणाल्या. मग वाडी का नाही म्हणते? वाडीला पाणी हवंय ना? मग अडलंय कुठे?

नाजनीनने फोन छातीशी धरला. “कोंडीमावशी, त्या विचारतायत, तुम्हाला पाणी हवंय ना, मग नाही का म्हणता?”

“तिला सांग,” कोंडी बसल्या जागेवरून म्हणाली, “पानी तं देव देतो, आमच्या डोक्यावरच देतो. आमाला न मागता पानी पायजे.”

नाजनीनने ते जसंच्या तसं सांगितलं. मग मार्टाबाईंनी हळूच विचारलं, “म्हणजे नक्की काय? मला नीट कळलं नाही.”

“तुम्हाला फोनवर कळायचं नाही,” नाजनीन म्हणाली. “तुम्ही पुन्हा या. पण या वेळी गावात थांबू नका, नारळ घेऊ नका. सरळ वर या. बोलावणं वाडीचं आहे.”

“गाव चिडेल,” धनेशसर मागून म्हणाले.

“चिडू दे,” सुनिता म्हणाली आणि डोहावर जायला उठली.